खुलासा: ऑक्साइड जास्त घातलं की सिलिकॉन कार्बाइड जास्त घट्ट होतं का?

सिलिकॉन कार्बाइड हे भुकटी तापवून घट्ट केलं जाणारं अतिशय कठीण सिरॅमिक. त्यात मिसळायच्या ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि इट्रिया (इट्रियमचं ऑक्साइड) यांबद्दल 'ॲल्युमिना-इट्रियाचं प्रमाण वाढवा, घनता आपोआप वाढेल' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं.

सिलिकॉन कार्बाइडमधले बंध इतके मजबूत की नुसती भुकटी तापवून छिद्रं नीट बुजत नाहीत. ॲल्युमिना आणि इट्रिया मात्र कणांवरच्या सिलिकाच्या (सिलिकॉनच्या ऑक्साइडच्या) पातळ थरासह सुमारे १८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. त्या द्रवातून कण सरकतात, विरघळतात, पुन्हा जमतात. सगळे कण भिजतील इतका द्रव पुरेसा असतो. साधारणपणे वजनाने ५ ते १० टक्के ऑक्साइड त्यासाठी भागतं.

पुढे नुकसान सुरू होतं. १८५० ते २००० अंशांत ॲल्युमिना कार्बाइडशी अभिक्रिया करतं, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर वायू निघतात, वजन घटतं, छिद्रं उरतात. म्हणून भट्टीत आरगॉन वायू आणि तुकड्याभोवती त्याच मिश्रणाच्या भुकटीचा थर ठेवतात.

खरी गफलत मोजमापात होते. शुद्ध सिलिकॉन कार्बाइडची घनता ३.२१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर ॲल्युमिना आणि इट्रिया मिळून बनणाऱ्या इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटची ४.५५. वजनाने २० टक्के गार्नेट असलेल्या तुकड्याची पूर्ण घनता सुमारे ३.४१ यायला हवी. तो ३.२१ भरला तर ६ टक्के पोकळी आहे!

पडताळा सोपा आहे. तुकडा कोरडा, पाणी मुरवलेला आणि पाण्यात टांगलेला असा तोला. कोरडं वजन भागिले (मुरलेलं वजा टांगलेलं), गुणिले पाण्याची घनता. हे उत्तर मिश्रणाच्या घनतेशी ताडा. बंद छिद्रांत पाणी शिरत नाही, त्यामुळे पॉलिश केलेला छेद सूक्ष्मदर्शकाखालीही पाहावा.