परदेशात भाड्याची गाडी चालवायची आहे? आधी गाडी ठरवा, मग परमिटचा अर्ज करा

नागपुरातून निघणारी मंडळी विमानाची तिकिटं चार महिने आधी काढतात, हॉटेलं तीन महिने आधी, आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. तरीही परमिट बहुतेकांना मिळतं. खरी पंचाईत पुढे होते. बुक केलेली गाडी त्या परमिटवर चालवताच येत नाही, हे तिकडच्या काउंटरवर, बॅगा आणि लेकरं सोबत असताना कळतं.

कारण समजून घ्या. आपल्या लायसन्सवरच्या 'एलएमव्ही'मध्ये, म्हणजे हलक्या मोटार वाहनांच्या वर्गात, ७,५०० किलोपर्यंतची वाहनं बसतात. पण आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतं. त्यातला कारचा 'बी' वर्ग म्हणजे ३,५०० किलोपर्यंतची गाडी आणि चालक सोडून जास्तीत जास्त ८ जागा. म्हणजे दोन भावांची कुटुंबं मिळून दहा जण निघाले आणि 'सगळे एकाच गाडीत' म्हणून बारा सीटची व्हॅन ठरवली, तर ती हातात मिळणार नाही. दोन गाड्या घ्या, आणि मग परमिटही दोघांचं काढा. मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेणाऱ्यांनी तिचं कमाल वजन बुकिंगआधीच विचारावं. ३,५०० किलोच्या वरची मोटरहोम 'बी' वर्गात बसत नाही.

बाली-थायलंडला स्कूटर घेणाऱ्यांना तर कळकळीनं सांगतो. लायसन्सवर दुचाकी नसेल तर परमिटवरही येत नाही. नुसत्या कारच्या परमिटवर स्कूटर चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि दवाखान्याचा खर्च घरच्यांवर येतो.

गिअरचंही आधीच ठरवा. युरोपात न सांगता बुक केलेली गाडी बहुधा मॅन्युअल असते. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. उजव्या बाजूनं चालवण्याची सवय नसताना दोन्ही गोष्टी एकदम शिकू नका, थोडे पैसे जास्त देऊन ऑटोमॅटिक घ्या. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान इथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. बुकिंगवर गाडीचा चार अक्षरी कोड असतो, त्यातलं तिसरं अक्षर बघा: 'एम' म्हणजे मॅन्युअल, 'ए' म्हणजे ऑटोमॅटिक. फोटोतलं मॉडेल मिळेलच असं नाही, 'तत्सम गाडी' मिळते. म्हणून मॉडेलपेक्षा डिकी बघा. चार माणसं कॉम्पॅक्ट गाडीत आरामात बसतात, पण चार मोठ्या बॅगा आणि संत्रा बर्फीचे डबे बसत नाहीत.

आता अर्ज. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, शुल्क १,००० रुपये. आरटीओ कार्यालय पत्त्यावरून ठरतं: नागपूर शहर (एमएच-३१), पूर्व (एमएच-४९) किंवा ग्रामीण (एमएच-४०). काटोलच्या माणसानं जवळच्या नातेवाइकाचं ऐकून शहर कार्यालयात रांग लावू नये. पात्रता साधी: भारतीय नागरिक आणि चालू असलेलं पक्कं लायसन्स. लर्निंगवर परमिट नाही.

कागदपत्रांत लायसन्स, पासपोर्ट, फोटो. व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट केंद्रानं जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकली. काही देश व्हिसा पोहोचल्यावरच देतात, तो आधी आणणार कुठून? तरी जुन्या याद्या अजून फिरतात आणि लोक दाखल्यासाठी डॉक्टरांकडे धावतात. ही अट काढल्याचं ठळकपणे लिहायला कुणाचं काय जातं, हे मला खरंच कळत नाही. व्हिसा आलेला असेल तर प्रत सोबत ठेवा, वाद टळतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. लायसन्सवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. किंवा एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाहीच. आधी लायसन्स दुरुस्त करा, मगच परमिटला हात घाला. पुस्तकासारखं जुनं लायसन्स असेल तर ते सारथीवर दिसतं का ते आजच बघा. नोंद नसेल तर ती करून घ्यायला वेळ लागतो.

मुदतीचा गैरसमज तर घरोघरी आहे. परमिट जास्तीत जास्त एक वर्ष, पण लायसन्स आधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपतं. लायसन्सचं नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं, म्हणून सहल लायसन्सच्या शेवटच्या महिन्यांत असेल तर ते आधी उरका. आणि फार लवकरही काढू नका, वर्ष परमिट दिल्याच्या तारखेपासून मोजतात, विमानात बसल्यापासून नाही.

हातात आल्यावर वाहनांच्या वर्गाचं पान तिथेच उघडून बघा, आणि नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवा. चीनमध्ये हे परमिट चालत नाही. जिथे चालतं तिथेही मूळ लायसन्स सोबत हवंच, मोबाईलमधलं डिजिलॉकर दाखवून भागत नाही. अनामत रक्कम बहुतेक कंपन्या गाडी चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. मुलगा चालवणार आणि कार्ड बाबांचं, असं असेल तर बुकिंग बाबांच्या नावानं करून मुलाला दुसरा चालक म्हणून लिहा. अशा वेळी परमिट दोघांकडेही लागेल, आणि मुलगा पंचवीसच्या आतला असेल तर वरचे पैसेही.