मूठभर तांदळामागचा इतिहास

जानेवारी उजाडेपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, बहुतेकांचं धान घरात आलेलं असतं. बांध्या मोकळ्या पडतात, पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, चुरून होतात, गिरणीतून नवा तांदूळ येतो. याच दिवसांत, ३ तारखेच्या आगेमागे, आमच्या तालुक्यातल्या कार्मेल फादरांच्या शाळेची पोरं दप्तरासोबत मूठभर तांदळाची पुरचुंडी घेऊन निघतात. फाटकाजवळ एक ड्रम ठेवलेला असतो, त्यात ती रिकामी करायची. तो तांदूळ पुढं निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात जातो. पहिल्या वर्षी एका आजीनं विचारलं होतं, "काय बाप्पा, आता फी बी तांदळातच घेऊन राह्यले का?"

फी नव्हे, पण प्रश्न रास्त होता. पैसे सोडून तांदूळच का? आणि तोही मोजून एकच मूठ का?

 

३ जानेवारी हा कुरियाकोस एलियास चावरा यांचा स्मृतिदिन. या शाळा चालवणाऱ्या सीएमआय, म्हणजे कार्मेलाइट संघाचे ते एक संस्थापक. १० फेब्रुवारी १८०५ ला केरळात, कुट्टनाडमधल्या कैनकरी गावी त्यांचा जन्म झाला. कुट्टनाड म्हणजे तिकडची झाडीपट्टीच म्हणा, जिकडं पाहावं तिकडं पाणी आणि धान. फरक इतकाच, की आपल्याकडं पाणी अडवायला मामा (माजी मालगुजारी) तलाव बांधावे लागले, आणि तिथली शेतं समुद्रसपाटीच्या खाली असल्यानं पाणी बाहेर ठेवायला बांध घालावे लागतात. पालक्कल थोमा आणि पोरुकरा थोमा या दोन वडीलधाऱ्या धर्मगुरूंबरोबर चावरांनी १८३१ मध्ये मान्नानमच्या टेकडीवर मठाचा पाया घातला. ते दोघंही १८४६ पर्यंत वारले आणि सगळा भार चावरांवर आला.

त्याच १८४६ साली त्यांनी मान्नानमला संस्कृत शाळा उघडली. त्या काळच्या त्रावणकोरात काही जातींच्या माणसांनी वरच्या जातींपासून किती पावलं दूर उभं राहायचं, हेही ठरलेलं असे. गुलामगिरी बंद करण्याचा संस्थानाचा जाहीरनामा निघायलाही १८५५ उजाडावं लागलं. अशा मुलखात जवळच्या आर्पूक्करा इथं त्यांनी दलित मुलांसाठी शाळा काढली. पण शाळा काढली म्हणून पोरं येत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही मास्तरला विचारा. पोर शेतावर गेलं तर संध्याकाळी घरात काहीतरी येतं, शाळेत गेलं तर पाटी तेवढी भरते. चावरांनी यावर उपाय काढला तो दुपारच्या जेवणाचा. सोबत कपडे आणि पाटी-पुस्तकंही.

मग हे जेवण आणायचं कुठून? राजाश्रय नव्हता, मोठा देणगीदार नव्हता. इथं आली पिडियरि. मलयाळमात 'पिडि' म्हणजे मूठ आणि 'अरि' म्हणजे तांदूळ. घरच्या बाईनं रोज चुलीवर भांडं चढवण्याआधी मोजलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्यानं ते मडकं चर्चमध्ये रिकामं व्हायचं आणि त्यातून पोरांचं जेवण शिजायचं. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेळ. ही मूठ उरल्यासुरल्यातून निघत नव्हती. शिजण्याआधीच निघत होती, म्हणजे त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या ताटात चार शितं कमी पडत होती. आणि देणारी घरं काही जमीनदारांची नव्हती. ज्यांच्याकडं दान करण्यासारखं काही नाही असं गाव समजत होतं, त्यांनाही या मडक्यानं देणाऱ्यांच्या रांगेत आणलं.

पुढं १८६१ मध्ये चावरा सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या सिरियन परंपरेच्या कॅथोलिक ख्रिस्ती समाजाचे विकार जनरल, म्हणजे बिशपचे प्रतिनिधी झाले आणि १८६४ मध्ये त्यांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढायला सांगितलं. मलयाळमात चर्चला 'पळ्ळी' आणि शाळेला 'पळ्ळिक्कूडम' म्हणतात, त्यामुळे हा हुकूम तिकडं म्हणीसारखा तोंडी बसला. १८६६ मध्ये कूनम्मावूला फादर लिओपोल्ड यांच्या साथीनं त्यांनी स्त्रियांचा कार्मेलाइट संघ सुरू केला. १८६९ मध्ये कैनकरीला निराधार आणि मरणपंथाला लागलेल्यांसाठी 'उपविशाला' उभी राहिली. आजही मुलांचा तांदूळ म्हाताऱ्यांकडं जातो, त्याचं मूळ तिथं आहे. त्याच्या आदल्या वर्षी गावकऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावलं होतं, की ज्या दिवशी तुम्ही कुणाच्या उपयोगी पडला नाहीत तो दिवस आयुष्याच्या हिशेबात धरला जाणार नाही. ३ जानेवारी १८७१ ला ते गेले. २३ नोव्हेंबर २०१४ ला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

हे सगळं चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, आलं ते १९६२ मध्ये. सिरो-मलबार चर्चचा कारभार तोवर मुख्यतः केरळापुरता होता. त्या वर्षी नागपूर धर्मप्रांतातून चांदा वेगळा काढून सीएमआय संघाकडं सोपवला गेला आणि जानुआरियुस हे त्याच संघाचे फादर प्रमुख झाले. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होता, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. मुख्य ठाणं बल्लारपूरला, कागदाच्या कारखान्याच्या गावी. केरळातून आलेल्या फादर-सिस्टरांना मराठी शिकायला वेळ लागला, पण धानाच्या मुलखात तांदळाची मूठ समजावून सांगायला फार भाषा लागली नसावी.

एक तर मुष्टिफंड हा शब्द मराठीत जुनाच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना अशाच धान्यानं हात दिला. शिवाय जवळच्या वर्धा जिल्ह्यात विनोबा भाव्यांचं पवनार आहे. विनोबांनी १९५७ मध्ये केरळच्या पदयात्रेत शांतिसेना स्थापन केली आणि तिच्या चरितार्थासाठी सर्वोदय-पात्राची कल्पना मांडली. घरातल्या लहान मुलानं रोज एक मूठ धान्य त्या पात्रात टाकायचं. मूठ मुलाचीच हवी, हा विनोबांचा आग्रह. शाळेच्या ड्रममध्ये चावरांचं मडकं आणि विनोबांचं पात्र, दोन्ही दिसतात.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. दान माणसाला नादान बनवतं, काम द्या, असं त्यांचं म्हणणं. आनंदवन त्यावरच उभं राहिलं. शाळांच्या निधी-संकलनाकडं पाहताना ही टोचणी मनात असलेली बरी. कारण मूठ मागे पडून पावतीपुस्तक पुढं आलं, की पोर बापाकडून शंभराची नोट आणतं, बाप कुरकुरत देतो, आणि कुणाच्याही ताटातलं शीत कमी होत नाही. आनंदमेळा, लकी ड्रॉ, जास्त निधी आणणाऱ्या वर्गाला ढाल, हे चावरांच्या मडक्यापासून फार लांब गेलेलं आहे. माझं मत विचाराल तर ढाल ताबडतोब बंद करावी. ज्याचा बाप दुकानदार, त्याचाच वर्ग जिंकतो.

३ जानेवारीला महाराष्ट्रभर सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते. त्यांचा जन्म १८३१ चा, मान्नानमच्या मठाचा पाया घातला गेला त्याच वर्षीचा. म्हणून शाळेत त्या दिवशी एकाच टेबलावर दोन फोटो असतात, एकच हार दोघांमध्ये वाटून घातलेला.

खाली तो ड्रम. कुणाच्या घरचं एचएमटी वाणाचं, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी शोधलेलं. कुणाचं जय श्रीराम, कुणाचं रेशनचं जाडं. सगळं एकत्र शिजवलं तर काही दाणे मऊ होऊन चिकटतात, काही कच्चे राहतात. आश्रमातली स्वयंपाकीण म्हणून त्याचा भात लावतच नाही. रात्री भिजत घालते आणि सकाळी वाटून घावन घालते.