यमक जुळलं की पटतं

पूर्व द्रुतगती मार्गावरून ठाण्याकडे निघालं की ‘अति घाई, संकटात नेई’ असं बजावणारी पाटी कुठे ना कुठे भेटतेच. तिच्यासमोरूनच एखादा टेम्पो कट मारून जातो, त्याच्या पाठीवर ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’. सल्ले परस्परविरोधी, तरी क्षणभर दोन्ही पटतात. यमकाची करामत!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू मॅक्ग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श यांनी २००० साली हीच करामत तपासली. मनुष्यस्वभावावरची, फारशी कानावर न पडलेली इंग्रजी वचनं त्यांनी विद्यार्थ्यांना दिली आणि ती कितपत खरी वाटतात, ते विचारलं. माणूस शुद्धीत जे लपवतो ते दारू उघड करते, अशा अर्थाचं एक वचन होतं. काहींना ते ‘कन्सील्स–रिव्हील्स’ असं यमक जुळवून मिळालं, काहींना ‘रिव्हील्स’च्या जागी ‘अनमास्क्स’ घालून. अर्थ तोच. पण अशा जोड्यांत यमकवाली वचनं जास्त खरी ठरली. यमकामुळे खरेपणा वाढतो का, असं थेट विचारल्यावर मात्र मंडळी ‘छे!’ म्हणाली.

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ हे ‘ज्याचं जळतं त्यालाच ठाऊक’ असं म्हणून पाहा. दुसरं वाक्य चुकीचं नाही, पण कुणी मान डोलावणार नाही. जे वाक्य मेंदूत अडखळत नाही, ते त्याला खरं वाटू लागतं, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. जाहिरातवाल्यांना आणि निवडणुकीच्या घोषणा लिहिणाऱ्यांना हे प्रयोगाआधीपासून ठाऊक आहे. दिलासा एवढाच, की ‘शब्दांची सजावट बाजूला ठेवा, आशय पाहा’ असं आधी बजावलं, तर यमकाचा हा फायदा बराच ओसरतो.

मग आशय पाहूच. ‘अतिपरिचयात अवज्ञा’ हे आपण डोळे मिटून मान्य करतो. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांनी एका कॉलेजच्या वर्गासाठी दिसायला साधारण सारख्या चार तरुणी निवडल्या. एक वर्गात कधीच गेली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ तासांना गेल्या. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. सत्राअखेरीस फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली ती जास्त आवडली! अर्थात, त्यांच्यापैकी कुणी विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा सरका’ म्हटलं नव्हतं.