कुलचिन्हांची ती भांडी लोस्टॉफ्टची नव्हेत

इंग्लिश घराण्याचं कुलचिन्ह रंगवलेली अठराव्या शतकातली बशी हाती आली, की जुने संग्राहक हमखास म्हणतात, "लोस्टॉफ्टची!" बहुतेक वेळा ती चिनी असते.

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या लोस्टॉफ्ट गावात १७५७ च्या सुमारास पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा, कारखाना निघाला आणि शतकाच्या अखेरीस बंद पडला. अशा भांड्यांचे अभ्यासक विल्यम चॅफर्स यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात चीनमधून आलेल्या या भांड्यांचं श्रेय त्याला दिलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. १९०२ मध्ये कारखान्याच्या जागी खोदकाम झालं. तिथे निघालेले तुकडे हाडांची राख घातलेल्या मऊ पोर्सेलीनचे होते, चिनी भांडी मात्र कठीण पोर्सेलीनची.

ही भांडी चीनमधल्या जिंगदेझनला भाजली जात. बरीचशी कुलचिन्हं कँटन या चिनी बंदरात रंगवली जात, तीही इंग्लंडहून जहाजाने आलेल्या चित्रावरून. कित्येकदा हे चित्र म्हणजे पुस्तकात चिकटवायची मालकाची नावपट्टीच असे. ज्या कारागिराला कुलचिन्हातल्या सिंहाचा अर्थही ठाऊक नव्हता, त्याने त्याची आयाळ केसागणिक उतरवली. त्याचं श्रेय त्यालाच मिळायला हवं.

बशी उलटी करून बघा. चिनी बशीच्या तळाच्या कड्याला झिलई नसते, आणि तिथे बरेचदा फिकट नारिंगी झाक दिसते.