ऑपरेशन झालं, नस मोकळी झाली, मग कळ अजून का येते?

कूस बदलायची म्हटली तरी आधी विचार करायचा. गुडघे मुडपायचे, खांदा आणि कंबर एकदम, ओंडका वळवावा तसं अख्खं अंग एकाच वेळी वळवायचं, मग पाय पलंगाखाली सोडून हाताच्या रेट्याने उठायचं. मणक्याच्या ऑपरेशननंतर फिजिओने हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि मी ते अगदी इमानाने करत होतो, तरी सहाव्या आठवड्यात एका पहाटे उठताना डाव्या पायात पोटरीपासून अंगठ्यापर्यंत तीच जुनी कळ गेली. पोटात धस्स झालं. मणक्यांमधली गादी परत सरकली की काय, स्क्रू हलला की काय. तपासलं तर एक्स-रे व्यवस्थित, टाके सुकलेले, सगळं जागच्या जागी. मग दुखलं कशाने?

हा प्रश्न मणक्याचं ऑपरेशन झालेल्या खूप जणांना पडतो, आणि डिस्चार्जच्या कागदावर त्याचं उत्तर नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्जन नसेवरचा दाब काढतो. सरकलेल्या गादीचा तुकडा, वाढलेलं हाड, जे काही नसेला चेपत असेल ते दूर करतो. पण इतके महिने चेपलेली नस लगेच पहिल्यासारखी होत नाही, ती शरीराला आपली आपणच दुरुस्त करावी लागते. नसेवरचं नुसतं वेष्टण खराब झालं असेल तर काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत भरून येतं. आतला धागाच तुटला असेल तर तो नव्याने वाढतो, आणि वाढायचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटीमीटर! कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर जवळपास मीटरभर, आता तुम्हीच हिशोब करा. म्हणून बहुतेकांचं पायातलं दुखणं आधी उतरतं, ताकद हळूहळू येते आणि अंगठ्याचा बधीरपणा सगळ्यात शेवटी जातो, काहींचा थोडा राहतोही. शिवाय वाढणाऱ्या धाग्याचं टोक फार हळवं असतं, जराशा कारणाने करंट मारतं. त्या पहाटेची कळ कदाचित अशीच होती.

पाठीचं दुखणं वेगळं. तिथे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरलेले असतात, त्यांचा ठणका बरेच दिवस राहतो. फ्युजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, असेल तर स्क्रू आणि रॉड फक्त धरून ठेवायचं काम करतात, खरी जोडणी हाड जुळून येतं तेव्हा होते आणि त्याला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सिगरेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं किंवा जुळतच नाही, हे मात्र खरंच मनावर घ्या.

इथवर सोपं आहे. पण तीन महिने उलटले, जखम भरली, नस मोकळी आहे आणि तरी दुखतंय, तेव्हा गोष्ट मणक्यापुरती राहत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेवरच्या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत एक गेट असल्यासारखं काम चालतं, खालून येणारा संदेश तिथे कमी-जास्त होतो आणि मेंदूही वरून ते गेट उघडझाप करू शकतो. त्यातले काही बारकावे पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. मग १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात, साध्या स्पर्शालाही जोरात उत्तर देतात. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर रेडिओचा आवाज वाढवून ठेवला आणि बटण तिथेच अडकलं. ऑपरेशनच्या आधी वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेलं असेल तर हे व्हायची शक्यता वाढते.

भीतीनेही तो आवाज वाढतो. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची केस आली होती, १५ सेंटीमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेलेला, खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता म्हणून त्याला गुंगीची औषधं द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. त्याचं दुखणं खोटं नव्हतं हो, मेंदूने बूट बघितला आणि धोक्याची घंटा वाजवली. म्हणून कोणी "सगळं तुझ्या मनात आहे" म्हणालं तर ते चूक आहे, वेदना तुमची खरीच आहे, फक्त ती जितकी तीव्र तितकं आत नुकसान, असं गणित नसतं.

एमआरआयचंही तसंच. काहीच न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये घेतला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. त्यामुळे रिपोर्टमधला एकेक शब्द वाचून रात्र काढू नका.

मग जगायचं कसं? माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरं वाटलं त्या दिवशी तासभर फिरायचो, घरातली राहिलेली कामं उरकायचो आणि पुढचे दोन दिवस आडवा. हे चक्र शरीराला फक्त इतकंच शिकवतं की हालचाल म्हणजे दुखणं. फिजिओने घड्याळ लावायला सांगितलं. वाईट दिवशीसुद्धा जितकं जमतं त्याहून थोडं कमी, माझ्या बाबतीत आठ मिनिटं, तेवढंच चालायचं, बरं वाटलं तरी आठ आणि दुखलं तरी आठ. चार-पाच दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. पहिले दोन आठवडे मला याचा फार राग यायचा, खरं सांगतो.

झोप सांभाळा, अपुऱ्या झोपेनंतर तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. आणि अफूवर्गातली कडक पेनकिलर लांबवली तर कधीकधी तीच वेदना वाढवते, डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदाभोवती बधीरपणा, पाऊल लुळं पडणं, ताप किंवा जखमेतून पाणी येणं, एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा धाप लागणं.

आता आठवा महिना चालू आहे. अंगठा अजून अर्धा बधीर आहे. डावा मोजा घालताना पाय स्टुलावर ठेवतो, पाठ सरळ, कमरेतून न वाकता मांडीच्या सांध्यातून पुढे झुकतो, टाचेपाशी आलं की कळ येतेच. पूर्वी तिथेच मोजा सोडून देत होतो. आता क्षणभर थांबतो, श्वास सोडतो आणि मोजा वर ओढतो.