बॉल पीन हातोडी आणि तिचा दांडा : बेळगाव सीमाभाग

बॉल पीन हातोडी ही धातुकामाची हातोडी. तिच्या डोक्याचे एक टोक सपाट असते, दुसरे अर्धगोल. फिटर, मेकॅनिक, पत्राकाम करणारे, लोहार अशा सगळ्यांचे हे रोजचे हत्यार. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या वर्कशॉपांत तिला ‘बॉल पिन’ म्हणतात. कन्नड बोलणारा कामगार ‘सुत्तिगे’ मागतो, शेजारचा मराठी ‘हातोडी’ मागतो आणि टेबलावरून सरकते ती एकच वस्तू. ‘पीन’ म्हणजे सपाट तोंडाच्या विरुद्ध बाजूचे टोक. ते गोल असले की बॉल पीन, दांड्याला आडव्या धारेचे असले की क्रॉस पीन आणि दांड्याच्याच रेषेत असले की स्ट्रेट पीन. आयटीआयच्या फिटर वर्गात ‘बॉल पीन दे’ म्हटल्यावर खिशातले पेन काढून देणारा मुलगा दर वर्षी एखादा तरी निघतो.

गोल टोक कशासाठी, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारा खिळा. रिव्हेटचा दांडा आधी सपाट तोंडाने ठोकून फुगवायचा आणि मग गोल टोकाने कडेकडेने मारत त्याला टोपीसारखा आकार द्यायचा. वाकलेला पत्रा आतून बाहेर काढणे, त्याला खोलगटपणा देणे हेही गोल टोकाचेच काम, कारण सपाट तोंडाची कड पत्र्यावर चंद्रकोरीसारखे व्रण उठवते.

सीमाभागात मात्र गोल टोकाचा सर्वांत जास्त उपयोग गास्केट, म्हणजे जोड गळू नये म्हणून मधे घालायची चकती, कापायला होत असावा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की पंप, व्हॉल्व्ह आणि पाइपांचे जोड उघडले जातात. प्रत्येक जोडाला नवे गास्केट लागते आणि ते नेमक्या मापाचे दुकानात मिळेलच असे नाही. मग फिटर पॅकिंगचा कागद थेट फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या बोल्टच्या भोकांच्या कड्यावर, ठेवतो, एका हाताने घट्ट दाबून धरतो आणि बोल्टच्या भोकाच्या कडेवर गोल टोकाने टिचक्या मारल्यासारखे हलके ठोके देत फिरतो. लोखंडाची कड खालून कात्रीचे काम करते आणि गोल चकती भोकात टपकन खाली पडते. पहिल्या भोकात लगेच एक बोल्ट घालतात, म्हणजे कागद सरकत नाही. मग समोरासमोरचे दुसरे भोक, आणि शेवटी बाहेरचा परीघ. ठोके जोरात पडले तर फ्लँजची कडच ठेचली जाते आणि नवे गास्केट घालूनही जोड गळतो. म्हणून या कामाला हलकी हातोडी घेतात आणि हात मनगटातून हलवतात, खांद्यातून नाही.

बारीक ठोक्यांनी धातूचा पृष्ठभाग दाबून घट्ट करणे याला पीनिंग म्हणतात. अशा ठोक्यांनी वरच्या थरात दाबाचा ताण साठतो, त्यामुळे वारंवार ताण येणाऱ्या भागाला भेगा उशिरा पडतात. विमानांच्या सुट्या भागांवर हेच काम पोलादी छऱ्यांचा मारा करून केले जाते. हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारे कारखाने आहेत, तिथून थोड्याच अंतरावरच्या एखाद्या गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या टाक्यावर मिस्त्री गोल टोकाने टकटक करत असतो. दोन्हींमागचे तत्त्व एकच.

डोके कसे पारखावे

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागांत फाउंड्र्या दाटीवाटीने आहेत. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव हा ओतकामाचा सलग पट्टा आहे. तरीही हातोडीचे डोके ओतीव नको, घडीवच हवे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पोटात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. ते दाब सोसते, पण धक्क्याने तडकते. चांगले डोके कार्बन पोलाद तापवून साच्यात घणाखाली दाबून घडवलेले असते. मग त्याची दोन्ही टोके पाणी देऊन कडक करतात आणि पुन्हा बेताने तापवून त्यांचा ठिसूळपणा कमी करतात. मधला भाग, म्हणजे गाल (डोक्याच्या बाजू) आणि नेढे (दांडा बसतो ते भोक), मुद्दाम मऊ ठेवतात. ठोक्याचा धक्का तिथे पचतो आणि नेढ्याला तडा जात नाही. भारतीय मानक ब्युरोचे पोलादी हातोड्यांसाठीचे मानक ‘आयएस ८४१’ आहे. डोक्यावर तो आकडा कोरलेला दिसला तर निदान बनवणाऱ्याने मानकाचा दावा तरी केला आहे, एवढे समजावे.

दुकानात करून पाहता येईल अशी खरी परीक्षा कानशीची. बारीक कानस तोंडावर हलकेच ओढली तर ती घसरली पाहिजे, गालावर ओढली तर चावली पाहिजे. दोन्हीकडे चावली तर डोक्याला पाणी दिलेलेच नाही, थोड्याच दिवसांत तोंडाची कड छत्रीसारखी पसरेल. दोन्हीकडे घसरली तर ते आणखी वाईट, कारण पूर्ण कडक डोके कधीतरी तुकडा उडवणार. दुकानदार कानस लावू देत नसेल तर आवाज ऐकावा. दांडा न बसवलेले डोके दोरीला टांगून किल्लीने टिचकावले की घडीव पोलाद लांब वाजते. बीड थोडक्यात गप्प होते. फाउंड्रीतही ओतीव नगाला भेग आहे का, हे हातोडीच्या हलक्या ठोक्याने असेच ऐकून ठरवतात. बद्द आवाज आला की तो नग बाजूला.

सपाट तोंड अगदी सपाट नसावे. त्याला किंचित फुगवटा आणि कडेला बारीक उतार हवा, नाही तर ठोका जरा तिरका पडला की कड कामावर रुतते. नेढे दोन्ही बाजूंच्या मधोमध आहे का ते दांड्याकडून एक डोळा मिटून पाहावे. जाड रंगाच्या खाली बऱ्याच गोष्टी लपतात, म्हणून रंगाने मढवलेल्या हातोडीपेक्षा तेलकट, उघड्या पोलादाची बरी. नागौर आणि जालंधरहून येणारा माल इथल्या दुकानांत असतो, त्यात उत्तम आणि टाकाऊ दोन्ही सापडते.

वजनाची भाषा इथे अजून पौंडात चालते. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच वर्षी देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. दुकानदाराच्या तोंडात मात्र ‘अर्धा पौंडी’, ‘एक पौंडी’, ‘दीड पौंडी’ तशीच राहिली. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. आखणीच्या टोच्याला २५० ग्रॅमच्या आसपासची हातोडी पुरते. छिन्नी चालवायला आणि रोजच्या फिटिंगला ५०० ते ८०० ग्रॅम. एकच घ्यायची तर एक पौंडी घ्यावी. ठोक्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पेलणारी मध्यम हातोडी न पेलणाऱ्या जड हातोडीपेक्षा जास्त काम करते.

दांडा

डोके एकदा घेतले की जन्मभर टिकते. बदलत राहतो तो दांडा, आणि हातोडी चांगली की वाईट हे हाताला कळते तेही दांड्यातूनच. अमेरिकेत हिकरी आणि युरोपात ॲश ही दांड्याची नावाजलेली लाकडे. सीमाभागात त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण दांड्यासाठी हवी ती लाकडे इथेच उगवतात.

पहिला मान धावड्याचा. इंग्रजांनी त्याला नावच ‘ॲक्सलवुड’ दिले, कारण गाडीचे आस त्याचे करत. कन्नडमध्ये तो दिंडिगा. जड, चिवट, धक्का खाऊन न फाटणारा. दुसरी धामण, कन्नडमध्ये तडसलु. ती धावड्याहून हलकी, पण लवचीक. धनुष्याला आणि काठ्यांना वापरले जाणारे हे लाकूड छोट्या हातोडीला फार गोड बसते. दोन्ही झाडे खानापूरच्या जंगलात आहेत, पण तिथून स्वतः तोडून आणणे हा गुन्हा आहे. भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे. लाकूड वखारीतून, पावतीसकट घ्यावे.

तिसरी बाभूळ, कन्नडमधली जाली. चिकोडी, अथणी, रायबागच्या बाजूला बांधाबांधावर उभी. बैलगाडीची चाके आणि शेतीची अवजारे तिचीच होत आली आहेत. तिचे गाभ्याचे लाकूड सागापेक्षा बरेच कठीण आणि धक्का सोसणारे असते. तोटा एकच, सरळ रेषेचा तुकडा शोधावा लागतो. शिसम चालतो, महाग पडतो. साग मात्र टाळावा. साग भारी लाकूड म्हणून दांड्यालाही भारी, हा समज इथे घट्ट आहे. साग दार-खिडक्यांना भारी, कारण तो वाकत-फुगत नाही. पण अचानक धक्का बसला की तो उभा चिरतो. भरीव बांबू खडी फोडणाऱ्यांच्या घणाला छान, कारण त्याची लवच तिथे हवी असते. बॉल पीनच्या नेढ्यात पाचर ठोकली की तो फाटतो.

कोणतेही लाकूड घेतले तरी त्याच्या रेषा पाहाव्यात. त्या दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मधूनच बाजूला बाहेर पडणारी रेषा म्हणजे दांडा तिथून मोडणार. टोकाकडून पाहिले तर वर्षवलये तोंड आणि पीन यांना जोडणाऱ्या दिशेत उभी असावीत, आडवी नसावीत. गाठ नको, विशेषतः नेढ्याजवळच्या बोटभर जागेत. छेद गोल नको, अंडाकृती हवा. खराद्याकडून कातून आणलेला गोल दांडा दिसायला देखणा असतो, पण डोके कुठे वळले आहे ते हाताला कळत नाही. तो फुटक्या काचेच्या धारेने दोन बाजूंनी खरवडून चपटा करावा. एक पौंडीला १२ ते १४ इंच लांबी पुरते.

इथपर्यंतचे कुठेही लागू पडेल. पुढचे खास या भागाचे. जिल्हा एकच, पण हवा दोन. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस महिनोन्‌महिने कोसळतो, पूर्वेला अथणीकडे आकाशाकडे डोळे लावून बसावे लागते. लाकूड हवेतला ओलावा शोषते, सोडते, आणि रुंदीत फुगते, आक्रसते. जुलैत खानापुरात बसवलेला दांडा एप्रिलमध्ये अथणीत सैल होणारच. म्हणून दांडा उन्हाळ्यात बसवावा, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा. लाकूड वाळले की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. तुकडा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले की तो तयार. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा वखारवाल्यांचा हिशेब असतो.

सैल हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. ‘पाण्यात घाल की, सकाळी घट्ट होत्याय बघ,’ हा सल्ला प्रत्येक गल्लीत फुकट मिळतो. सकाळी ती घट्ट होतेही. पण नेढ्यात कोंडलेले लाकूड फुगायला जागा नसल्याने स्वतःलाच चेचते, आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होते. पुढच्या वेळी बादलीनेही काम होत नाही आणि डोके उडते. पाण्याऐवजी जवसाचे तेल वापरावे. जवसाची चटणी इथे ताटात असतेच, तेलही घाण्यावर मिळते. नेढ्याकडचे टोक दिवसभर तेलात उभे ठेवले की लाकूड ते पिते आणि ओलावा आत-बाहेर करणे मंदावते. वार्निश नको. ते गुळगुळीत दिसते, पण घामट हातात सरकते आणि फोड आणते.

दांडा बसवणे पाहण्यासारखे असते. नेढे मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असते. दांडा आधी खालून घट्ट घालायचा. मग हातोडी हवेत उलटी धरायची, डोके खाली लोंबते, दांडा वर. आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते डोके निसटून पायावर पडणार. उलट दर ठोक्याला ते दांड्यावर वर चढते, कारण दांडा झटक्यात खाली जातो आणि जड डोके जागचे हलत नाही. बसले की दांडा नेढ्याबाहेर थोडा डोकवावा. त्याला आधीच दिलेल्या चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोकायची, मग तिला तिरकी एक लोखंडी पाचर. वरचा रुंद भाग भरला की डोके कुठेच जात नाही. पाचरेऐवजी खिळा ठोकणारे बरेच असतात. खिळा दांडा फाडतो.

जुना दांडा काढण्यासाठी डोके चुलीत किंवा भट्टीत टाकणे हा दुसरा घरगुती अपराध. लाकूड जळते, आणि पोलादाला दिलेले पाणीही उतरते. ग्राइंडरवर पसरलेली कड घासताना पोलाद निळे पडले, तरी तेच. तुकडा ड्रिलने पोखरून ठोकून बाहेर काढावा.

फायबरचा दांडा पावसाला दाद देत नाही, म्हणून जांबोटीकडच्या पंप-मेकॅनिकला तो सोयीचा. पण फाउंड्रीच्या तापलेल्या नगांशेजारी त्याची रबरी मूठ चिकट होऊन सोलवटते, आणि एकदा तो तंतू सोडू लागला की बदलण्यापेक्षा नवी हातोडी घेणे स्वस्त पडते. पोलादी नळीचा दांडा मोडत नाही, सैल होत नाही. मात्र दिवसभर छिन्नी चालवली की त्यातून येणारी कंपने संध्याकाळी कोपराला समजतात. या दोघांपेक्षा लाकूडच हाताला सोसते. ज्याला वर्षातून दोनदाच हातोडी लागते त्याने मात्र फायबरचा खुशाल घ्यावा.

एक नियम सगळ्या दांड्यांना सारखा आहे. एका हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारू नये. दोन्ही पृष्ठभाग कडक, त्यातून उडणारी कपची गोळीसारखी जाते आणि डोळा शोधते. छिन्नीचे डोके मऊ ठेवतात ते याचसाठी. तेही फुलासारखे पसरले की घासून टाकावे.

मोडलेला दांडा वर्कशॉपमध्ये फेकला जात नाही. धडका तुकडा कापून त्यात भोक पाडतात आणि तो कानशीची मूठ होतो.