छतावर सोलर: सूर्यघर योजनेचा अर्ज, अनुदान आणि वीजबिलावरचं नाव

आमच्या घराचं वीजबिल परवापरवापर्यंत आजोबांच्या नावावर येत होतं. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. बिल दर महिन्याला भरलं जायचं, त्यामुळे ते कधी कुणाला खटकलं नाही. मग छतावर सोलर बसवायचं ठरलं, पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज उघडला, ग्राहक क्रमांक टाकला, आणि पडद्यावर आजोबांचं नाव आलं. अर्ज त्या दिवशी तिथेच थांबला.

तेव्हापासून गल्लीत कुणी सोलरबद्दल विचारायला आलं की मी आधी म्हणतो, बिल दाखवा. पॅनल कुठल्या कंपनीचं घ्यायचं, हे नंतर.

योजनेची थोडी पार्श्वभूमी. ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. देशातल्या 1 कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे, त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. बिल वाचतं म्हणून लोक येतात, ते बरोबरच आहे. पण सरकार पैसे देतं त्यामागे कोळशाचा हिशोब आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, आपल्या घरातली बरीचशी वीज अजून अशा ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. ग्रिडमधल्या, म्हणजे वीज घरोघरी आणणाऱ्या जाळ्यातल्या, एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 3 किलोवॅटचा संच वर्षाला साधारण 4,000 युनिट देतो. म्हणजे एका घराच्या गच्चीवरून वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास कार्बन वाचतो, आणि त्यासाठी घरातला पंखासुद्धा बंद करावा लागत नाही.

कोणाला मिळतं

घर स्वतःचं हवं, छतावर हक्क हवा, वीजजोडणी चालू आणि घरगुती वर्गातली हवी. याआधी सोलरसाठी दुसरं सरकारी अनुदान घेतलेलं नसावं. दुकानाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या मीटरवर हे अनुदान नाही. खाली दुकान, वर घर असं असेल तर घराचं मीटर वेगळं आहे का, ते बघा. भाडेकरूला अर्ज करता येत नाही. छत मालकाचं आहे.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न नेहमीचा. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे एकट्याने पॅनल ठोकता येत नाहीत. सोसायटीच्या संमतीशिवाय पुढे जाऊच नका. मात्र सोसायटी स्वतः अर्ज करू शकते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक विजेसाठी दर किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. घरामागे 3 किलोवॅट धरून 500 किलोवॅटपर्यंत. माझ्या मते हा भाग फारच कमी लोकांपर्यंत पोहोचलाय. पुढच्या वार्षिक सभेत विषय काढाच.

किती मिळतं

पहिल्या 2 किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये. म्हणजे 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, आणि 3 ला 78,000. त्याच्या पुढे 4 बसवा नाहीतर 10, आकडा 78,000 वरच थांबतो. विक्रेता ‘पाच किलोवॅट घ्या, अनुदान आहेच की’ म्हणाला तर हे वाक्य आठवा.

महिन्याला 100 युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ नावाची जोड योजना आणली. 1 किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या 30,000 वर राज्य आणखी रक्कम घालतं: दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15,000, इतरांना 10,000. संचाची किंमत 50,000 धरली तर खिशातून अनुक्रमे 2,500, 5,000 आणि 10,000 जातात. लाभार्थींची संख्या ठरलेली आहे, तेव्हा पात्र असाल तर रेंगाळू नका.

किती किलोवॅट घ्यायचं

याचं उत्तर विक्रेत्याकडे नाही, तुमच्या बिलावर आहे. मागच्या बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करा. आपल्याकडे 1 किलोवॅट वर्षाला साधारण 1,350 युनिट देतो. एप्रिल-मेमध्ये भरपूर, जुलै-ऑगस्टमध्ये रडतखडत. शेजारच्या काकूंची बेरीज 2,780 आली. 1,350 ने भागलं की उत्तर 2 च्या जरा वर. त्यांना 3 किलोवॅटचं दरपत्रक देऊन गेलेला माणूस नाराज झाला, पण काकूंनी 2 च घेतले.

जास्त घेतलं तर काय बिघडतं? नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि तिची युनिट पुढच्या महिन्यांत तुमच्या खात्यात वळती होतात. पण 31 मार्चला ही वही बंद होते. उरलेल्या युनिटला मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. शिवाय घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 पर्यंत स्वस्त, 101 ते 300 महाग, पुढे आणखी महाग. सोलर आधी वरचे महाग टप्पे कापतं, म्हणून पहिल्या किलोवॅटची बचत सगळ्यात गोड आणि शेवटच्याची सगळ्यात फिकी.

जागा 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागते, तीही सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची सावली सकाळ-दुपार कुठे फिरते ते एक दिवस गच्चीवर जाऊन खडूने आखा. मी आखली होती, आणि कागदावर पक्की झालेली जागा बदलली.

कागदपत्रं

पोर्टलवर मुळात फार कागद मागत नाहीत: ताजं वीजबिल, आधारला जोडलेला मोबाइल, नंतर रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान. कर्ज घ्यायचं असेल तर पॅन आणि उत्पन्नाचे कागद. घरपट्टीची पावती आणि छताचा फोटो जवळ ठेवा. विक्रेता किंवा बँक मागतेच.

अडचण येते ती नावाची. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. बिलावर ‘पाटील आर. बी.’ आणि पासबुकावर ‘रामचंद्र भाऊ पाटील’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. मयत माणसाच्या नावाचं बिल असेल तर वारसाच्या नावावर करा: मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र, मालकीचा पुरावा जोडून नावबदलाचा अर्ज. थकबाकी असेल तर ती आधी भरा. आमच्या घरात आत्यांच्या सह्या गोळा करायला जेवढे दिवस गेले, तेवढे अख्ख्या सोलरला लागले नाहीत. एक आत्या पंढरीला गेली होती.

अर्ज कसा जातो

पोर्टलचा पत्ता पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक किंवा ॲपची फाइल उघडू नका. या योजनेच्या नावाने फसवणारे पुष्कळ आहेत. शंका असेल तर 15555 ही हेल्पलाइन आहे. राज्य आणि वीज कंपनी निवडायची, ग्रामीण भागात आणि बहुतेक शहरांत महावितरण, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा. ग्राहक क्रमांक, ओटीपी, अर्ज.

पूर्वी इथे तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागायची. 2024 च्या नियमबदलानंतर 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला ती लागत नाही, आणि मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला कंपनीने मान्य केलेला लोड, कमी असला तर तो आवश्यक तेवढा वाढवला असं धरलं जातं. म्हणजे ‘आधी लोड वाढवून आणा’ म्हणत कुणी परत पाठवत असेल तर हा नियम दाखवा.

मग पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडायचा. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान गेलं. तीन दरपत्रकं तरी घ्या. अनुदानाची रक्कम सरकारने 2 किलोवॅटपर्यंत 50,000 आणि तिसऱ्याला 45,000 असा प्रति किलोवॅट दर धरून काढली आहे. प्रत्यक्षात गच्चीवर उंच सांगाडा हवा असेल तर खर्च वर जातो. सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, तो दरपत्रकात उतरलाय का ते बघा. पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, याला बाजारात ‘डीसीआर पॅनल’ म्हणतात. स्वस्त पडतं म्हणून दुसरं पॅनल माथी मारलं तर अनुदान अडकतं. करारात ‘डीसीआर’ हा शब्द आणि 5 वर्षांची देखभाल, दोन्ही लिहून घ्या.

पैसे एकदम देऊ नका. माझ्या एका मित्राने पॅनल बसल्या दिवशी सगळी रक्कम दिली. नेट मीटरसाठी विक्रेत्याने कागद लावलेच नाहीत. दोन महिने पॅनल गच्चीवर नुसती ऊन खात बसली. शेवटचा हप्ता मीटर लागल्यावर, एवढं ठरवलंत तरी पुरे.

पैसे हाताशी नसतील तर 3 किलोवॅटपर्यंत 2 लाखांच्या आतलं विनातारण कर्ज सरकारी बँका रेपो दराहून (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते, त्याहून) अर्धा टक्का जास्त व्याजाने देतात. अर्ज ‘जनसमर्थ’ पोर्टलवरून जातो.

काम झालं की विक्रेता पॅनलांसोबत तुमचा फोटो काढून तपशील चढवतो, वीज कंपनीचे लोक तपासून नेट मीटर बसवतात आणि पोर्टलवर प्रमाणपत्र येतं. यानंतर बँक खात्याची माहिती तुम्ही भरायची असते. अनेकांचं इथेच राहून जातं, आणि ‘अनुदान आलं नाही’ म्हणून सरकारला बोल लावतात. माहिती भरल्यापासून साधारण 30 दिवसांत पैसे थेट खात्यात येतात.

हे सगळेच विचारतात

‘लाइट गेली की सोलरवर घर चालेल ना?’ नाही. ग्रिडला जोडलेला संच वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये, म्हणून ती सोय आहे. बॅटरी हवी तर वेगळा खर्च, अनुदान तेवढंच.

‘बिल शून्य येईल?’ तेही नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो.

मीटर लागेल त्या दिवशी त्यावरच्या दोन्ही आकड्यांचा, ग्रिडमधून घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या युनिटचा, तारखेसह फोटो काढून ठेवा. पहिलं बिल आलं की त्याच्याशी ताडून बघायचं. आमचं पहिलं बिल आलं तेव्हा वडिलांनी आकड्यांच्या आधी वरचं नाव वाचलं. पहिल्यांदाच ते त्यांचं होतं.